सरांनी पाहिलेला लाल किल्ला

शेषराव सरांना दिल्लीला जायचं नव्हतं. ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती: एक स्वतः सर आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी रुखमाबाई. संग्रामपूर तालुक्यातल्या त्या गावातल्या बाकी सगळ्यांची समजूत अशी की, सर दिल्लीसाठी नुसते झुरत आहेत आणि म्हातारपणी त्यांना पुन्हा एकदा तिकडे नेऊन आणणं हे गावाचं कर्तव्य आहे. कर्तव्याची जाणीव झालेल्या गावापासून देवानं वैऱ्यालाही वाचवावं.

झालं होतं ते एवढंच. शहाऐंशी साली शाळेत तपासणी होती. शिक्षण खात्याचे साहेब मागच्या बाकावर बसून चष्मा पुसत होते आणि सर नववीला मोगलांची बांधकामं शिकवत होते. एका कार्ट्यानं हात वर केला आणि विचारलं, सर, तुमी पाह्यला का लाल किल्ला? साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. सर म्हणाले, पाहिला ना, याच मे महिन्यात. तेवढ्यावर थांबले असते तर पाप तेवढंच राहिलं असतं. पण खोट्याचं वरणासारखं असतं. पाहुणे वाढले की पाणी वाढवावं लागतं, आणि सरांच्या वर्गाला दरसाल साठ पाहुणे. पुढल्या वर्षी सर किल्ल्याच्या आत गेले. त्याच्या पुढल्या वर्षी त्याच मे महिन्याच्या उन्हात दिवाण-ए-खासच्या संगमरवरावर अनवाणी उभे राहिले, आणि दगड माठाच्या बुडासारखा गार लागला. ब्याण्णव साली तिथे पहारेकरी आला. अकोल्याकडचा, नाव ज्ञानेश्वर. सरांचं मराठी कानावर पडताच तो धावत आला, 'कोन्या गावचे जी?' म्हणाला, आपल्या लोट्यातलं पाणी पाजलं, आणि ज्या खांबाला कुणाला शिवू देत नाहीत त्याला हात लावू दिला. हा पहारेकरी इतका चांगला वठला की पुढे पुढे सरांना स्वतःलाही तो आठवायला लागला. त्याच्या डाव्या भुवईवर व्रण होता.

प्रत्यक्षात सर खांडव्याच्या पलीकडे गेलेले नव्हते, आणि खांडव्यालाही गेले होते ते मेहुण्याच्या मुतखड्यासाठी.

सरांच्या हाताखालून निघालेल्या चौतीस तुकड्यांपैकी ज्यांनी हे ऐकलं त्या बहुतेक सगळ्या विसरल्या. चौऱ्याण्णवच्या तुकडीतला देवानंद विसरला नाही. देवानंदचं गावात मोटार वाइंडिंगचं दुकान. गणितात तीनदा आपटलेला, इंग्रजीशी बोलाचाली नसलेला, पण सरांचा लाल किल्ला त्याला दगड न् दगड पाठ. जळालेल्या मोटारीच्या तारा उकलता उकलता तो गिऱ्हाइकांना किल्ला सांगायचा. गिऱ्हाईक ऐकायचं, कारण मोटार त्याच्या हातात असायची. यंदा दिवाळी झाली, हरभरा पेरून झाला, आणि देवानंदनं जाहीर केलं की सरांना घेऊन दिल्ली. पाच जोडपी आणि अकरावा, एकटाच, तो. गाईडबिईड काही नाही. सर असताना गाईड कशाले पायजे?

त्या दिवशी रुखमाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आता काय करसान?"

सर म्हणाले, बघू.

बघू म्हणजे काय, ते पुढच्या पंधरा दिवसांत दिसलं. आधी सरांचा गुडघा दुखायला लागला. देवानंदनं तेल आणून दिलं. मग रक्तदाब चढला. तो मोजायला ग्रामीण रुग्णालयात नेलं तर मेला एकशे वीसवर ऐंशी निघाला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वयात असा रक्तदाब फोटो काढून भिंतीवर लावावा. शेवटी सरांनी सरकारवर भिस्त ठेवली. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र नाही, त्याशिवाय परमुलखात जाणं धोक्याचं, असं त्यांनी जाहीर केलं आणि तहसीलला अर्ज घेऊन गेले. या कामाला सहा महिने लागतात ही त्यांना खात्रीची माहिती होती. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना आठ लागले होते. पण खिडकीमागचा कारकून चौऱ्याऐंशीच्या, म्हणजे सरांच्या अगदी पहिल्या तुकडीतला निघाला. तो उठून उभा राहिला, पाया पडला, साहेबांच्या सहीसाठी स्वतः धावला आणि बारा मिनिटांत गरम गरम ओळखपत्र सरांच्या हातात दिलं. वर चहा पाजला. सरकारी यंत्रणेनं आजवर पुष्कळांचा घात केला असेल, पण इतक्या तत्परतेनं क्वचितच.

सल्ले देणाऱ्यांची तर ओसरीवर रांग लागली. दिल्लीत कुणाच्या नजरेला नजर देऊ नका, असं जो म्हणाला तो जळगाव जामोदच्या पुढे गेलेला नव्हता. अन्नपूर्णाबाईंनी गुळाची ढेप दिली. तिथल्या हवेत धूर असतो, दर तासाला खडा तोंडात धरायचा, धूर गुळाला चिकटतो. वर एक रिकामी बाटली दिली, गंगेचं पाणी आणायला. सर म्हणाले, बाई, दिल्लीला गंगा नाही, यमुना आहे. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, असू द्या, बहीणच ना तिची.

राहिला दिवस ठरवायचा. इथे गफ्फारभाईंनी तोंड घातलं. गफ्फारभाई चुड्यांचे व्यापारी, सरांचे लंगोटीयार. चाळीस वर्षं त्यांनी आजूबाजूचे सगळे आठवडी बाजार केलेले. जगातली कुठलीही गोष्ट बाजाराच्या मापानं मोजायची ही त्यांची रीत, आणि ती सहसा चुकत नसे. त्यांचं म्हणणं असं की बाजाराच्या दिवशी काही पाहू नये. रेटारेटीत माल दिसत नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जावं. गर्दी ओसरलेली, दुकानदार मोकळा, माल निवांत हाताळता येतो. दिल्लीचा बाजार म्हणजे रविवार, साऱ्या मुलखाला सुट्टी. तर सोमवारी पाहावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी तर गफ्फारभाईंची पाठ थोपटली आणि व्यवहारज्ञान पुस्तकात मिळत नाही असं एक वाक्यही टाकलं. देवानंदनं रविवारी पोचायची आणि मंगळवारी पहाटे निघायची तिकिटं काढली. मधला सोमवार, निव्वळ पाहण्यासाठी.

भुसावळहून गाडी धरली तेव्हा सरांनी खिडकीची जागा घेतली आणि डोळे मिटून घेतले. सर आठवणींत गेले आहेत, असं देवानंदनं डब्यातल्या इतर लोकांना हळू आवाजात समजावून सांगितलं. सर खरोखर पाठांतर करत होते. पाठ्यपुस्तकात किल्ल्याचा नकाशा काडेपेटीएवढा होता. मोबाइलवर एक चित्रफीत मिळाली होती, पण तिच्यात ढोलकी इतकी होती की किल्ला मागेच राहिला.

सोमवार उजाडला तो उजाडल्यासारखा वाटलाच नाही. निजामुद्दीन स्टेशनाजवळच्या धर्मशाळेच्या दारात अकरा माणसं माकडटोप्या, मफलर घालून, तोंडात गुळाचे खडे धरून उभी राहिली, आणि समोर रस्त्याच्या पलीकडचं झाड दिसेना. धुकं म्हणावं तर ओलावा नाही, धूर म्हणावं तर चूल नाही. भाड्याची गाडी आली. ड्रायव्हरनं विचारलं, गाईड साहब कौन? दहा बोटं सरांकडे वळली. सरांना पुढच्या सीटवर, काचेमागे, हारासारखं नेऊन बसवण्यात आलं.

कुतुबमिनार त्या दिवशी अर्धाच होता. वरचे मजले धुरात गेलेले. सरांना ते बरंच वाटलं. जेवढं कमी दिसेल तेवढी जबाबदारी कमी. आणि खरं सांगायचं तर तिथे सर रंगले. कुणी पाया घातला, कुणी मजले चढवले, विजेनं कुठला भाग पडला, पुन्हा कुणी बांधला, सगळं सनावळीसह. गफ्फारभाईंच्या बेगम अमीरबी यांनी पदराखालून गुळाचा नवा खडा काढून सरांना दिला. दोन परके पर्यटकही ऐकत उभे राहिले. सरांची छाती, स्वेटर धरून, दोन इंच फुगली. ती तशीच असताना देवानंद म्हणाला, "आन सर तं थेट वरपर्यंत चढले होते. तीनशे एकोणऐंशी पायऱ्या. पाय भरून आले होते सरचे."

शेजारी दुसऱ्या टोळीचा बिल्लेवाला गाईड उभा होता. त्यानं मान वळवली आणि अगदी सहज, कुणाचा संसार मोडतो आहे याची कल्पना नसताना, सांगितलं की एक्याऐंशीपासून वर जाणं बंद आहे.

देवानंदनं ओठ हलवत हिशेब केला. गणितात तीनदा नापास झालेल्या माणसाला हे एकच गणित नेमकं सुटलं. "सर, तुमी तं शहाऐंशीत आल्ते ना?"

सर म्हणाले की शिक्षकांना त्या काळी खास परवानगी मिळत असे.

देवानंदचं समाधान झालं. इतकंच नव्हे, शिक्षकांची किंमत जुन्या सरकारला होती यावर तो गाडीपर्यंत बोलत राहिला. गफ्फारभाईंना मात्र खोकला आला आणि पुष्कळ वेळ थांबेना. शहाऐंशीच्या त्या मे महिन्यात शेषराव मास्तर कुठे होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गफ्फारभाईंच्याच लग्नात ते महिनाभर मांडवाचा, भांड्यांचा, पाहुण्यांच्या गाद्यांचा कारभार पाहत होते. पण गफ्फारभाईंनी डबी उघडून सरांपुढे सुपारी धरली. सरांनी सुपारी घेतली नाही. ज्याला आपलं खोटं कळलं आहे त्याची सुपारी घशाखाली उतरत नाही.

दुपारी इंडिया गेटजवळच्या हिरवळीवर दशम्या, ठेचा आणि वांग्याची भाजी सोडली. शिपायानं उठवलं. शंभर पावलांवर पुन्हा मांडलं, दुसऱ्या शिपायानं उठवलं. तिसऱ्यांदा उभ्या उभ्याच उरकावं लागलं. सरांना वाटलं, असाच दिवस संपावा. त्यांनी वाटेत दोनदा चहासाठी गाडी थांबवली, एकदा पोट बिघडल्याचं सांगितलं, एका सिग्नलवर तर वाहतुकीच्या कोंडीचं मनापासून कौतुक केलं. पण कोंडी आपली कधीतरी सुटतेच, आणि माणूस जिथे पोचू नये तिथे पोचतो.

तांबड्या भिंती धुरातून हळूहळू बाहेर आल्या. सरांनी त्या पाहिल्या. चौतीस वर्षं खडूनं फळ्यावर काढलेली भिंत ही. ती इतकी उंच असेल याची त्यांना कल्पना नव्हती. फळा आपला चार फुटांचा. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना नुसतं पाहावंसं वाटलं. बोलावंसं वाटलं नाही.

फाटक बंद होतं. समोर कठडे लावलेले, पलीकडे एक जवान बसलेला. तो हरियाणाकडचा असावा. त्यानं न उठता सांगितलं, सोमवार को बंद रहता है.

 मग दहा जणांनी गफ्फारभाईंकडे पाहिलं. गफ्फारभाई खाली बघून पुटपुटले की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवणारा दुकानदार त्यांनी जन्मात पाहिला नाही.

आणि सरांना काय वाटलं? सांगायला संकोच वाटतो, पण सरांना असा आनंद झाला की पोरीचं लग्न जमलं तेव्हाही झाला नसेल. बंद. सरकारी, अधिकृत, पाटी लावून बंद. आत जाणं नाही, दालनं शोधणं नाही. सरांनी चेहऱ्यावर हळहळ आणली. अरेरे म्हणाले. काय हे, म्हणाले. इतकंच नव्हे, तिथेच कठड्याला पाठ लावून त्यांनी आतलं सगळं वर्णन सुरू केलं, भिंतीकडे हात करून. तिकडे नहर, म्हणजे महालातून वाहणारा पाण्याचा पाट, तिकडे दिवाण-ए-आम. मंडळी फुटपाथवर बसली. अगदी वर्ग भरल्यासारखं झालं. धूर, हॉर्न, रिक्षा, आणि मध्ये सर. त्या दिवशी सर जसे बोलले तसे नोकरीत कधी बोलले नसतील. अमीरबींनी डोळ्यांना पदर लावला, तो धुरामुळे की नहरीमुळे, सांगता येत नाही.

देवानंद बसला नव्हता. तो जवानापाशी उभा होता. त्याच्या हातात पिशवीतून काढलेली एक बरणी होती, फडक्यानं तोंड बांधलेली. जवसाची चटणी. तो मोडक्या हिंदीत विचारत होता की इथे अकोल्याचे ज्ञानेश्वर नावाचे चौकीदार होते, शहाऐंशी सालात, भुवईवर व्रण, ते रिटायर झाले असतील पण त्यांचा मुलगा, कुणी, आहे का? आमच्या सरांना त्यांनी पाणी पाजलं होतं.

जवान आधी हसला. मग त्यानं बरणीकडे पाहिलं, देवानंदकडे पाहिलं, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, उठून उभा राहिला. म्हणाला, अंदर एक बुजुर्ग हैं, चालीस साल से हैं, सबको जानते हैं. आणि त्यानं फोन लावला. ज्या देशात साधा दाखला मिळायला आठ महिने लागतात, तिथे त्या दिवशी जो तो सरांसाठी जातीनं धावत होता.

देवानंदनं वळून हाक मारली. "सर, या न. त्याहिचं आडनाव काय होतं? हे विचारून राह्यले."

दहा माणसं सरांकडे बघत होती. सरांच्या डोक्यात आडनाव तयारही झालं होतं, चांगलं अकोल्याकडचं. ते जिभेवर आलं. सर उठून कठड्यापाशी गेले. फोनवर पलीकडे तो बुजुर्ग म्हातारा, आपल्या कोणत्या मेलेल्या सोबत्याबद्दल विचारताहेत म्हणून, नावं आठवत असल्याचं ऐकू येत होतं.

"रहने दीजिए," सर जवानाला म्हणाले. मग देवानंदला म्हणाले, "असा कोणी माणूस नाही देवानंद. मी आत कधी गेलो नाही. दिल्लीला आज पहिल्यांदाच आलो."

हे काही मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण मंडळी उठून जवळ आली होती, सगळ्यांनी ऐकलं. देवानंद बरणी धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तीनदा नापास झाल्याचा निकाल वाचताना त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा, न समजल्याचा, होता.

"मंग सर," तो म्हणाला, "तुमाले पानी कोनं देल्लं?"

 जवानानं फोन खिशात ठेवला. देवानंदनं बरणी त्याच्या खुर्चीजवळ ठेवली, खा म्हणाला, आमच्याकडची आहे, आणि गाडीकडे चालायला लागला.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: सरांना कुणी वावगं बोललं नाही. उलट सगळे जास्तच अदबीनं वागायला लागले. चढताना हात दिला. पाणी हवं का विचारलं. कुणीतरी म्हणालं, सर थकले असतील, मागे आरामशीर बसू द्या. झालं. सर मागे रुखमाबाईंशेजारी बसले आणि पुढच्या सीटवर देवानंद. वाटेत घुमट येत होते, कमानी येत होत्या, आणि देवानंद प्रत्येक वेळी विचारत होता, हे काय? पण विचारत होता तो ड्रायव्हरला. ड्रायव्हरला इतिहासाची बाधा नव्हती. तो तत्काळ उत्तर देत होता. कुठली तरी पाण्याची टाकी त्यानं बिरबलाच्या नावावर केली. सगळे अच्छा म्हणत होते. गफ्फारभाईसुद्धा.

निजामुद्दीनच्या अलीकडे धुरात एक मोठा थोरला घुमट दिसला.

"ये शाहजहान ने बनवाया," ड्रायव्हर म्हणाला. "बेगम के वास्ते. ताजमहल का सँपल है ये."

"अच्छा," देवानंद म्हणाला.

सरांची बोटं आपोआप खिशाकडे गेली, जिथे चौतीस वर्षं तांबडं पेन असायचं. हा हुमायूनचा मकबरा. शाहजहान तेव्हा जन्मलाही नव्हता. नवऱ्यानं बायकोसाठी नव्हे, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेला. अशा नवऱ्यासाठी, की जो जवळजवळ सगळं राज्य गमावून बसला होता, आणि परत मिळवल्यावर वर्षभरातच पुस्तकांच्या महालाच्या पायऱ्यांवरून पडून मेला. कारागीर कुठून आणले, कितव्या साली पुरा झाला, सगळं सरांच्या जिभेच्या टोकावर होतं, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

रुखमाबाई काचेला नाक लावून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "काहो, खरंच का? बायकोसाठी बांधलं एवढं?"

सरांनी समोर पाहिलं. देवानंदची मान दिसत होती, मफलर सुटलेली, ड्रायव्हरकडे वळलेली.

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

रुखमाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा काचेकडे वळल्या. नवऱ्याचं खोटं ऐकून गप्प बसायचा त्यांना चाळीस वर्षांचा सराव होता.